झुवावी: बांधाआड वसलेला मुलूख

शुक्रवार: ग्दान्स्क ते नोवी द्वूर

ग्दान्स्कहून एल्ब्लॉंगकडे जाणारी बस किएझमार्कजवळच्या पुलावर चढू लागली तेव्हा मी भाच्याकडून खिडकीची जागा मागून घेतली. खाली व्हिस्टुला नदी. दक्षिण पोलंडच्या डोंगरांतून निघून हजाराहून जास्त किलोमीटर वाहत आलेली ही नदी समुद्र हाकेच्या अंतरावर आला की दोन उंच मातीच्या बांधांमध्ये शिरते. बांध उतरला की लगेच गव्हाची शेतं. पुराच्या दिवसांत नदीचं पाणी या शेतांच्या कितीतरी वर असतं हे वाचून ठाऊक होतं. पुलावरून बांधाचा माथा आणि शेताची पातळी एका नजरेत आली आणि त्याचा अर्थ नीट उमगला.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्रिभुज प्रदेश म्हटलं की फळ्यावर नदीला दोन-तीन फाटे काढायचे, गाळाची सुपीक जमीन, दाट लोकवस्ती असं सांगायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. एखाद्या त्रिभुज प्रदेशाचा एकच तुकडा घेऊन तो पायाखालून घालावा, ही इच्छा तेव्हापासूनची. माझा भाचा ग्दान्स्कला शिकतो, पोलिश बऱ्यापैकी बोलतो, म्हणून जुलैची सुट्टी गाठून ती पुरी केली.

"मावशी, सगळं सपाट आहे गं. टेकाडसुद्धा दिसायचं नाही," तो म्हणाला.

"तेच तर बघायचंय," मी म्हटलं.

व्हिस्टुलाच्या या त्रिभुज प्रदेशाला झुवावी म्हणतात. एका टोकाला ग्दान्स्क, दुसऱ्या टोकाला एल्ब्लॉंग आणि दक्षिणेला माल्बोर्क शहराच्याही पुढे, जिथे नोगात नावाचा फाटा मूळ नदीपासून सुटतो ते ब्यावा गुरा, असा हा त्रिकोण. क्षेत्रफळ साधारण 1,700 चौ. किमी. त्यातली चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. आणि नदीचं आजचं मुख तरी कुठे नैसर्गिक आहे? 1840 च्या हिवाळ्यात बर्फाचे तुकडे अडकून नदी तुंबली आणि किनाऱ्यावरची वाळूची टेकाडं फोडून तिने ग्दान्स्कजवळ नवीच वाट काढली. 1888 च्या मार्चमध्ये नोगातचा बांध फुटला आणि प्रदेशाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर माणसांनीच ठरवलं की नदीला सरळ समुद्रात सोडायचं. श्विब्नो आणि मिकोशेवो या गावांच्या मधून सुमारे 7 किमीचा पाट खणला आणि 1895 साली व्हिस्टुला त्यातून वाहू लागली. जुन्या फाट्यांच्या तोंडावर जलपाश (दोन दारांमधून बोटी वरखाली नेणारी कोठी) आणि दारं बसली. 1915 पर्यंत नोगातही अशीच बंदिस्त झाली. आज मुख्य नदीचं पाणी या सरळ पाटाने जातं. श्कारपावा, तुगा, नोगात या बाजूच्या नद्यांत वाहतं ते शेतांतून उपसून सोडलेलं पाणी आणि जलपाशांतून मोजून दिलेलं पाणी.

आम्हाला ज्या तुकड्यात फिरायचं होतं तो म्हणजे नोवी द्वूर ग्दान्स्की ही ग्मिना. पोलंडची रचना तीन पायऱ्यांची: वर प्रांत, मधे जिल्ह्यासारखा पोव्यात, तळाला ग्मिना. देशात अडीच हजारांच्या आसपास ग्मिना आहेत. काही निव्वळ शहरी, काही निव्वळ ग्रामीण आणि काही शहरी-ग्रामीण, म्हणजे एक छोटं शहर आणि त्याच्या भोवतालची खेडी मिळून एकच कारभार, एकच निवडून आलेला नगराध्यक्ष, एकच परिषद. ही ग्मिना त्या तिसऱ्या प्रकारातली. क्षेत्रफळ सुमारे 213 चौ. किमी, माणसं 18 हजारांच्या आसपास. त्यातली जवळजवळ 10 हजार शहरात राहतात, आणि ते शहर मावलंय अवघ्या 5 चौ. किमीमध्ये. उरलेली 8 हजार माणसं 200 हून जास्त चौ. किमीमध्ये पसरलेली. म्हणजे शहरात दर चौ. किमीला 2 हजारांच्या घरात, खेड्यांत चाळिशीच्याही आत. दोन्हींची सरासरी काढली तर 85 येते. ती सरासरी बरोबर असली तरी तशी वस्ती इथे कुठेच नाही. पुढचे दिवस हे दोन आकडेच डोळ्यांसमोर फिरत राहिले.

शहर साधं आहे. मधून तुगा नदी जाते, संथ, हिरवट. तिच्यावर जुना उचलपूल आहे, बोटी यायच्या तेव्हा वर उचलला जायचा. बहुतेक इमारती युद्धानंतरच्या, चार मजली, रंग दिलेल्या. जर्मन काळात याचं नाव टीगेनहोफ. दोन महायुद्धांच्या मधे ग्दान्स्क स्वतंत्र शहर-राज्य होतं, तेव्हा हे त्यातल्या एका जिल्ह्याचं ठाणं होतं. युद्धानंतर पोलिश पोव्यातचं ठाणं झालं. 1975 साली सगळ्या देशातले पोव्यात मोडीत निघाले तेव्हा तो मान गेला, 1999 साली परत आला. कारभाराच्या या उलथापालथीत शहर मात्र आहे तेवढंच राहिलं, कारण चहूकडची जमीन पाण्याची आहे आणि ती वाढायला देत नाही.

संध्याकाळी झुवावी संग्रहालय बघितलं. जुन्या दुग्धालयाच्या इमारतीत गावातल्याच लोकांच्या मंडळाने उभं केलेलं. चीज करायचं सामान, शेतीची अवजारं आणि एका कपाटात स्टोबे घराण्याच्या माखांडेल नावाच्या मद्याच्या बाटल्या. जुनिपरच्या फळांपासून 1776 पासून इथे ते गाळत असत. प्यायच्या आधी पेल्यात काडीला टोचलेलं सुकं आलूबुखार ठेवायची पद्धत होती. बाटल्या करणारे गेले, पिणारेही गेले. आजच्या रहिवाशांनी मात्र त्या जपून, नीट मांडून ठेवल्यात. स्वतःच्या पूर्वजांच्या नसलेल्या वस्तूंची ही काळजी बघून मला फार बरं वाटलं.

शनिवार: माझेन्चिनो

सकाळी भाड्याच्या सायकली घेऊन ईशान्येला माझेन्चिनोच्या वाटेला लागलो. दोन्हीकडे विलोची झाडं, फांद्या वरून छाटून बुंध्याला मुठीसारखा आकार आलेली. त्यांची मुळं चराची कड धरून ठेवतात. दर शे-दोनशे पावलांवर एक चर, चर मोठ्या चराला मिळतो, तो कालव्याला. गहू कापणीला आलेला, शर्करा-बीटची पानं गडद. माती काळपट, जड, ढेकूळ फोडलं तर चकाकणारी. पाऊस पडला की या मातीत नांगर रुततो, उन्हात ती दगडासारखी होते, आणि तरीही पोलंडमधल्या उत्तम जमिनींत तिची गणना होते.

माझेन्चिनोजवळ पोलंडमधलं सर्वांत खालचं ठिकाण आहे: समुद्रसपाटीखाली 2.2 मीटर. पूर्वी हा मान एल्ब्लॉंगजवळच्या राच्की गावाकडे होता, तिथे 1.8 मीटर. शेताच्या मधोमध उभं राहिलं तर असं काही वेगळं जाणवत नाही. मग समोरच्या बांधावर चढायचं. पलीकडे पाणी दिसतं आणि ते मघाशी उभे होतो त्या जागेच्या डोक्यावरून जाईल एवढं वर असतं. मी दोनदा खाली उतरून पुन्हा वर चढले. भाचा हसला नाही, तोही माझ्या मागून उतरला.

कोकणात खारभूमीचे बांध बघितलेल्या माणसाला अर्धी गोष्ट इथे ओळखीची वाटेल. तिथे ओहोटीला उघाडीची झापं आपोआप उघडतात, आतलं पाणी बाहेर पडतं, भरतीला ती मिटतात. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. त्यामुळे इथलं पाणी आपणहून कधीच बाहेर जात नाही. प्रत्येक थेंब उचलून टाकावा लागतो. आधी पवनचक्क्यांनी उचलला, एकोणिसाव्या शतकात वाफेच्या यंत्रांनी, आता विजेच्या पंपांनी.

असं एक पंपघर आम्हाला आतून बघायला मिळालं. तिथला माणूस लांब दांड्याच्या दाताळ्याने जाळीवरचं शेवाळ आणि लव्हाळी ओढून काढत होता. भाच्याने विचारलं, त्याने हात पुसले आणि आत बोलावलं. आत तेलाचा वास, स्वच्छ पुसलेली जमीन, दोन पंप. एक चालू होता, त्याची थरथर पायांतून कळत होती. आतल्या बाजूच्या भिंतीवर पाण्याची उंची दाखवणारी पट्टी आहे. ठरावीक रेघेच्या वर पाणी आलं की पंप आपोआप सुरू होतो, खाली गेलं की थांबतो. पाणी फार खालीही जाऊ द्यायचं नाही, असं त्याने हाताने दाखवलं. कारण सखल भागात मातीखाली पीट आहे, कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कोरडा पडला की आकसतो आणि जमीन आणखी खचते. म्हणजे जितका जास्त उपसा तितकी जमीन खोल, आणि जमीन जितकी खोल तितका उपसा जास्त. ती रेघ त्या दोघांमधली तडजोड आहे.

"बाई, पाऊस मला त्रास देत नाही," तो म्हणाला. "वारा देतो."

उत्तरेचा वारा जोरात सुटला की समुद्राचं पाणी व्हिस्टुला लगूनमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ सरोवरात ढकललं जातं. लगूनमधून ते श्कारपावा आणि नोगातमध्ये उलटं चढतं. उपसलेलं पाणी जिथे टाकायचं तिथलीच पातळी वाढली की पंपांना जोर लावावा लागतो आणि बांधांवर डोळ्यात तेल घालून फिरावं लागतं. 2009 च्या ऑक्टोबरात अशाच वाऱ्याने एल्ब्लॉंग भागात पूर आणला होता. "वीज गेली की मला झोप येत नाही. नसलो कामावर तरी," हेही त्याने सांगितलं.

त्याचे आजी-आजोबा 1946 साली व्होलिनमधून, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधून इथे आले. त्याच्या आदल्या वर्षी, 1945 च्या मार्चमध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बांध फोडले, पंपघरं निकामी केली आणि झुवावी मुद्दाम बुडवली. पिढ्यान्‌पिढ्या उपसलेली जमीन काही दिवसांत पाण्याखाली गेली. आजोबांना घर मिळालं, पण खालच्या मजल्यावर चिखल आणि वर राहण्याजोगी एक खोली. शेत मिळालं, पण ते दिसत नव्हतं. 1940 चं दशक संपता संपता जमीन पुन्हा कोरडी झाली. चर पुन्हा खणायचे होते आणि खणणाऱ्यांपैकी जवळपास कुणीच समुद्राखालची जमीन आधी पाहिली नव्हती. पहाडी, कोरड्या, रेताड मुलखांतली माणसं. पाण्याचा हिशेब त्यांना पहिल्यापासून शिकावा लागला. जुन्या चरांचे नकाशे जर्मनमध्ये, सांगणारं कुणी नाही.

झुवावीत अशी शंभराच्या आसपास पंपघरं आहेत. 18 हजार लोकसंख्या हा आकडा मी आदल्या दिवशी वहीत लिहिला होता. त्याच्या शेजारी मी पंपघर असा शब्द लिहिला. हे पंप थांबले तर तो आकडा शिल्लक राहणार नाही.

रविवार: त्सिगानेक

शहराच्या उत्तरेला, तुगाच्या काठाने, झेलिखोवो आणि त्सिगानेक ही जोडगावं लागतात. त्सिगानेकचं संत निकोलसचं चर्च चौदाव्या शतकातलं, विटांचं. ते आता ग्रीक कॅथलिकांचं, म्हणजे पोपला मानणाऱ्या पण पूर्वेकडच्या रीतीने प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं आहे आणि प्रार्थना युक्रेनियन भाषेत चालते. त्याच्या आवारात मेनोनाइट पंथीयांची जुनी थडगी आणून उभी केली आहेत. मेनोनाइट म्हणजे शस्त्र न उचलणारे, प्रौढपणी बाप्तिस्मा घेणारे प्रोटेस्टंट. सोळाव्या शतकात नेदरलँड्समध्ये त्यांचा छळ झाला तेव्हा इथल्या जमीनमालकांनी त्यांना बोलावून पाणथळ जमिनी कसायला दिल्या, कारण पाणी काढणं त्यांना येत होतं. दगडांवर पेन्नर, वीबे, क्लासेन अशी आडनावं वाचता येतात. कडेने कोरलेली फुलं, खाली बारीक अक्षरांत जर्मन ओळी. एका दगडाच्या वरच्या कोपऱ्यावर शेवाळ चढलं होतं, तेवढंच ओलसर होतं.

एका आवारात चार शतकांची माणसं अशी एकत्र आली त्यामागे मोठी दुःखं आहेत. 1945 साली इथले बहुतेक सगळे जर्मन भाषिक, त्यात मेनोनाइटही, पळाले किंवा हाकलले गेले. मग मध्य पोलंडमधून जमिनीच्या आशेने लोक आले. सोव्हिएत संघाकडे गेलेल्या पूर्वेकडच्या भागांतून, व्होलिनमधून, विल्निउसच्या बाजूने विस्थापित आले. आणि 1947 साली 'व्हिस्टुला मोहिमे'खाली पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यातले सुमारे 1 लाख 40 हजार युक्रेनियन आणि लेम्को (तिथल्या डोंगरांत राहणारे) लोक सैन्याने घरांतून उठवून उत्तरेला आणि पश्चिमेला विखुरले. फार जण एका गावात एकत्र राहू नयेत अशीच योजना होती. त्यांतले काही इथे उतरले. भाषा घरात दडवून ठेवली, मुलांना बाहेर पोलिश बोलायला सांगितलं, आणि पुढे हे चर्च मिळालं.

प्रार्थना संपल्यावर एक आजी बाकावर बसल्या होत्या. त्या पाच वर्षांच्या असताना आल्या. डोंगरातल्या गावातून, मालगाडीच्या डब्यातून, गाईसकट. इथे उतरल्यावर आईला पहिली अडचण कसली आली, हे त्यांना अजून आठवतं: दगड मिळेना. कोबी आंबवायच्या पिंपावर वजन ठेवायला दगड लागतो. डोंगरात पायापायाशी दगड होते. इथे मैलभर फिरलं तरी गाळ. शेवटी बांधाच्या दुरुस्तीसाठी बाहेरून आणलेल्या ढिगातून एक उचलला, लपवून घरी आणला. "अजून आहे माझ्याकडे," आजी म्हणाल्या. त्रिभुज प्रदेशाची व्याख्या मी कित्येक वर्षं शिकवली, पण नदी दगड वरच सोडून येते आणि शेवटी फक्त गाळ आणते, हे इतक्या नेमकेपणाने मला कुणी सांगितलं नव्हतं.

आजींच्या शेजारी एक तरुण बाई लहान मुलीला घेऊन उभी होती. ती 2022 नंतर युक्रेनमधून आलेली. आजी तिच्याशी आपल्या जुन्या डोंगरी बोलीत बोलत होत्या, ती शहरी युक्रेनियनमध्ये उत्तर देत होती, आणि दोघींचं छान चाललं होतं. भाच्याला त्यातलं निम्मंच कळलं. त्याने भाषांतर थांबवलं, मीही पुढे सांग म्हटलं नाही.

जनगणनेत लोकसंख्येची वाढ-घट दाखवणारी रेघ सरळ काढलेली असते. या मुलखाची रेघ 1945 मध्ये तुटते. पुढची रेघ त्याच जागेवरून सुरू होते, पण माणसं वेगळी, भाषा वेगळी, प्रार्थना वेगळ्या. घरं, चर आणि बांध मात्र तेच. इथला इतिहास राजांच्या क्रमाने लिहिण्यापेक्षा चर कुणी खणला, कुणी बुजू दिला, कुणी पुन्हा उपसला या क्रमाने लिहायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सोमवार: मारिनोवी, ओर्वोवो

दक्षिणेकडची गावं थोडी उंच, जुनी आणि श्रीमंत. इथे खांबांच्या ओसरीची घरं बघायला मिळतात. घराच्या पुढच्या बाजूला वरचा मजला बाहेर आलेला, त्याच्याखाली लाकडी खांबांची रांग. वर धान्याचं कोठार असायचं, खाली गाडी उभी राहायची, पोती थेट वर ओढून घ्यायची. पूर आला तरी धान्य कोरडं. जितके खांब तितकी मालकाची जमीन मोठी, असं गावात सांगतात. मारिनोवीचं आणि ओर्वोवोचं घर एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. मारिनोवीच्या घराच्या खांबाला हात लावला तर लाकूड उभ्या भेगांनी फाटलेलं, पण आतून टणक.

एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. झुवावीचं सगळं श्रेय 'हॉलंडवाल्यांना' देऊन टाकायची सवय माहितीपत्रकांना लागली आहे. मेनोनाइटांचं काम थोर आहेच, विशेषतः सखल, उत्तरेकडच्या भागात. पण दक्षिणेचे बांध त्यांच्या किमान दोनशे वर्षं आधी, माल्बोर्कचा किल्ला बांधणाऱ्या ट्युटॉनिक सरदारांच्या (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या) काळात, इथल्या शेतकऱ्यांनी घातले. बांधाचा प्रत्येक हात कुणी राखायचा ते ठरलेलं असे. पुढे प्रशियाच्या राजवटीत मेनोनाइटांवर जमीन खरेदीचे निर्बंध आले, सैन्यात न जाण्याची किंमत मागितली गेली, आणि 1788 पासून त्यांच्यातले कित्येक जण युक्रेनच्या गवताळ प्रदेशात निघून गेले. म्हणजे या मातीतून युक्रेनकडे गेलेली माणसंही आहेत आणि युक्रेनकडून इथे आलेलीही.

मंगळवार: छोट्या गाडीने रिबिना, श्तुतोवो

नोवी द्वूरहून उन्हाळ्यात 750 मिमी रुंदीच्या रुळांची छोटी गाडी सुटते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शर्करा-बीट कारखान्यांपर्यंत वाहून नेण्यासाठी इथे असे रूळ पसरले. 1996 साली ही सेवा बंद पडली, आणि काही वर्षांनी रेल्वेवर प्रेम करणाऱ्या हौशी लोकांच्या संस्थेने ती पुन्हा चालू केली. डबे उघडे, वेग सायकलपेक्षा थोडा जास्त, दोन्हीकडून गव्हाची लोंबी हाताला लागतील इतकी जवळ.

रिबिनाला श्कारपावावर 1905 सालचा फिरता पूल आहे. बोट आली की पुलाचा सांगाडा मधल्या खांबावर आडवा फिरवतात आणि ते काम माणसं हाताने करतात. आम्ही गेलो तेव्हा एक शिडाची बोट थांबली होती. दोघांनी दांडा लावून गोल चालायला सुरुवात केली, पूल हळूहळू नदीच्या दिशेत वळला, बोट गेली. गाडीतली सगळी पोरं खाली उतरून बघत होती, आणि गाडीला उशीर झाला म्हणून कुणी तक्रार केली नाही.

पुढे स्तेग्ना, तिथे समुद्र, पाइनचं जंगल आणि गर्दी. त्यापुढे श्तुतोवो. हे आमच्या ग्मिनेच्या बाहेर, पण त्याच पोव्यातमध्ये. इथे श्टुटहोफ छळछावणी होती. 2 सप्टेंबर 1939 रोजी, युद्ध सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पहिले कैदी इथे आणले गेले. सुमारे 1 लाख 10 हजार माणसं या छावणीतून गेली, त्यांपैकी सुमारे 65 हजार मेली. 9 मे 1945 रोजी ती मुक्त झाली, इतकी उशिरा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लगून, तिसरीकडे नद्या आणि दलदल. ही जागा निवडताना इथल्या भूगोलाचा नीट अभ्यास केला होता, हे मला तिथे उभी असताना कळलं. भूगोल शिकवणाऱ्या माणसाने हेही शिकवायला हवं. त्या दिवशी आम्ही आणखी काही बघितलं नाही.

बुधवार: याझोवा आणि नोगात

शेवटचा टप्पा पूर्वेला, याझोवाकडे. वाटेत एकेकाळच्या सरकारी सामूहिक शेतांच्या वसाहती लागल्या: शेताच्या मधोमध तीन मजली चाळींसारख्या इमारती, शेजारी रिकामे गोठे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही शेतं मोडली तेव्हा एका झटक्यात गावंच्या गावं बेकार झाली. मोठ्या यंत्रांनी आज दोन-तीन माणसं जेवढी जमीन कसतात तेवढीला तेव्हा तीस लागत. खेड्यांतली चाळिशीच्या आतली घनता इथे डोळ्यांना दिसते. चांगली माती, चांगलं पीक, आणि रस्त्यावर माणूस नाही. एका दुकानासमोर सायकल लावली तर दुकानदारीण बाई म्हणाल्या, त्यांची दोन्ही मुलं ग्दान्स्कला कामाला जातात. 2018 साली एस-7 हा द्रुतगती रस्ता पूर्ण झाल्यापासून रोज जाऊन-येऊन करतात. आधी एकाने तिकडेच बिऱ्हाड करायचं ठरवलं होतं. रस्त्याने गाव रिकामं होतं असं आपण धरून चालतो. इथे निदान एका घरात तो माणसं परत आणतो आहे.

याझोवाला नोगातच्या बांधावर चढलो. नदी रुंद, लव्हाळ्यांनी भरलेली, पलीकडे वार्मिया-माझुरी प्रांत आणि एल्ब्लॉंगची धुराडी. इकडे अर्ध्या कापलेल्या शेतात करकोचे यंत्राच्या मागोमाग चालत बेडूक टिपत होते. बांधाच्या माथ्यावर नुकतीच माती भरून गवत पेरलेलं होतं, त्यावरून चालू नका अशी पाटी होती, म्हणून सायकली हातात धरून खालच्या वाटेने गेलो.

कुणाला जायचं असेल तर जुलै-ऑगस्ट गाठा. छोटी गाडी तेव्हाच रोज धावते आणि करकोचे ऑगस्टअखेर निघून जातात. ग्दान्स्कहून नोवी द्वूर 40 किमीच्या आत आहे, बस मिळते. मुक्काम समुद्रकाठी न करता शहरातच करा, म्हणजे चारी दिशांची खेडी सायकलने गाठता येतात. चढ कुठेच नाही, पण आडोसाही नाही. पश्चिमेचा वारा असेल तर सकाळी पश्चिमेला जाऊन दुपारी परत फिरा. उलट केलंत तर नोगातहून येताना शेवटचे दहा किलोमीटर फार जड जातात.